तिसऱ्या पेल्याची बशी

"आजोबा, ते फडकं माझं आहे. ठेवा खाली."

काउंटरमागच्या दाढीवाल्याने हे आधी एकदा नीट सांगितलं होतं. आता त्याच्या 'आजोबा'ला धार आली होती. बोनिफासियोने फडकं खाली ठेवलं. पण ठेवण्याआधी त्याची घडी घातली, आणि घडी घालता घालता काउंटरवरचा वाइनचा एक गोल डाग हलकेच पुसून टाकला.

"सवय हो," मी मध्ये पडलो. "आयुष्यभर स्वतःचा बार चालवलाय त्यांनी. उत्तरेत, सोरियाकडे."

"मग तिकडे पुसा म्हणावं," असं म्हणून दाढीवाला दुसऱ्या टोकाला निघून गेला.

बाहेर गल्लीत आल्यावर बोनी म्हणाला, "त्याचं फडकं ओलं होतं. ओल्या फडक्याने संगमरवर पुसत नाहीत. डाग पसरतो."

"बोनी, तू तिथे प्यायला गेला होतास."

"प्यायलो की."

"गिऱ्हाईक म्हणून प्यायला."

'गिऱ्हाईक' हा शब्द ऐकला की त्याचा चेहरा डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवल्यासारखा व्हायचा.

त्याचा मुलगा आबेल आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतो आणि मोटार शिकवतो. समोरचा चालवत असताना आपण ब्रेकवर पाय ठेवून बसायचं, हा आता त्याचा स्वभावच झाला आहे. वसंतात तो बापाला गावाहून घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा राहिला.

"हिनेसकाका, एक काम होतं. बाबांना जरा बार दाखवा ना."

"कुठला बार?"

"सगळे."

ग्रानादात जन्मून, बायकोच्या देखरेखीखाली म्हातारा झालेल्या माणसाला असं कोणी सांगेल, आणि तेही तिच्या देखत, हे मी स्वप्नातही धरलं नव्हतं. मी लगेच टोपी घातली. बाकीचं आबेलने जिन्यात सांगितलं. ते ऐकून टोपी जरा जड झाली.

तोर्रेमुदा नावाच्या त्या गावात बोनीचा बार एकटाच. त्याला नाव नव्हतं. एकच असल्यावर नाव कशाला ठेवायचं? बोनी काउंटरमागे, बायको कासिल्दा चुलीपुढे. पोरं शिकायला गेली ती परत आली नाहीत. थोरले एकेक करून टेकडीवरच्या दफनभूमीत गेले. कासिल्दाही गेली. शेवटी निकासियो नावाचा एक मेंढपाळ तेवढा रोज यायचा, मग तोही गेला. त्यानंतरचा अख्खा हिवाळा बोनीने बार रोज सकाळी उघडला, कॉफीचं यंत्र तापवलं, काउंटर पुसला आणि अंधार पडल्यावर बंद केला. नाताळात आबेल पोचला तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ, आत सगळे दिवे लागलेले, आणि काउंटरमागे बाप ताठ उभा. दार वाजल्याबरोबर बाप म्हणाला, "या. काय देऊ?" मुलाला त्याने मग ओळखलं.

"जागा घ्यायला माणूस तयार आहे," आबेल म्हणाला. "शहरातल्या लोकांना सुट्टीत राहायला घर करणार म्हणतोय. पण बाबांचं एकच. तुमच्या शहरात मला उभं राहायला एक बार सापडू दे, मग खुशाल विक. नाहीतर थंडी पडायच्या आत मी परत चाललो. काका, तिथे आता कोणी नाहीये. ते तिथे एकटे पडले आणि काही झालं, तर वसंतापर्यंत कोणाला..." एवढ्यावर त्याने ब्रेक दाबला.

थोडक्यात, एक म्हातारा माणूस बर्फात मरू नये म्हणून मला त्याच्याबरोबर वाइन प्यायची होती. परोपकाराची इतकी सोयीची संधी मला पूर्वी कधी मिळाली नव्हती. मला वाटलं, आठवड्याभराचं काम आहे.

पहिल्याच बारमध्ये पेल्याबरोबर बशी आली. पावाचा तुकडा आणि त्यावर हॅमची पातळ चकती. बोनीने ती एका बोटाने परत ढकलली.

"हे मी मागवलेलं नाही."

"फुकट आहे," मी म्हणालो.

"का?"

"ग्रानादा आहे म्हणून."

"आणि मला हे नको, दुसरं काही हवं असेल तर?"

"मागायचं नसतं रे. मालक पेल्याबरोबर देईल तो तापा खायचा. दुसऱ्या पेल्याला दुसरा येईल. तिसऱ्याला त्याहून चांगला."

"म्हणजे चांगलं ते आत दडवून हे बाहेर पाठवतात?"

"दडवत नाहीत. ते पुढे असतं. माणसाला थांबायला काही कारण नको?"

बोनीने बशीकडे पाहून मान हलवली. आमच्या शहराच्या हजारो माणसांच्या पोटापाण्याची व्यवस्था त्याने त्या एका मानेने नापास केली.

मग आम्ही फिरलो. नदीकाठच्या बारमध्ये त्याने रिकामे पेले गोळा करून काउंटरवर रांगेत लावले. त्यातला एक रिकामा नव्हता, आणि ज्याचा होता तो गृहस्थ पोलिसात होता. बाजारामागच्या मासळीच्या बारमध्ये एकाने चौथी बिअर मागितली, तर बोनी त्याला म्हणाला, "पुरे आता. घरी वाट बघत असतील." चर्चसमोरच्या बारमध्ये तर कहर झाला. आमच्याकडे कोणालाही काही हवं असलं की "मालक!" म्हणून ओरडायची रीत आहे, आणि कोणी ओरडलं की बोनी "आलो, आलो" म्हणत वळायचा. एकदा वळला, तो थेट आतच गेला. त्याने कॉफी काढून दिली. चांगली काढली होती, असं पिणाऱ्याने मागाहून सांगितलं, पण तोवर आम्ही रस्त्यावर होतो.

"मला सांग हिनेस," तो एकदा म्हणाला, "एका हातात पेला धरला. दुसऱ्या हाताचं काय करायचं?"

मी जन्मभर गिऱ्हाइकाच्या बाजूला उभा राहिलोय, पण या प्रश्नाचा विचार मी केला नव्हता. त्यानंतर कित्येक दिवस मला माझा डावा हात अडचणीचा वाटत राहिला.

सप्टेंबर आला. डोंगरावर पहिलं पांढरं दिसू लागलं. आबेल जिन्यात भेटला की नुसता माझ्याकडे बघायचा. तेव्हा मी बोनीला त्रिनीकडे नेलं. आधी का नेलं नाही असं कोणी विचारेल. त्रिनीचा बार माझा स्वतःचा होता, आणि आपल्या बारमध्ये नवा माणूस नेणं म्हणजे आपल्या दाताचा ब्रश त्याला देण्यासारखं आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या शहरात काउंटरमागचं माणूस तुमच्याशी गोड बोललं, तर तुम्ही परके. तुमच्या तोंडावर तुमचा उद्धार केला, तर घरचे. त्या हिशेबाने त्रिनीचा गोतावळा फार मोठा होता.

"हे काय आणलंस हिनेस? कुठल्या थडग्यातनं उकरलंस?"

"सोरियाहून आलाय."

"तरीच. बर्फात टिकतात असली." मग बोनीकडे वळून, "काय पिणार मेल्या? का नुसता काउंटरला टेकू द्यायला आलायस?"

बोनी हसला. सहा महिन्यांत मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले.

पण पुढच्याच क्षणाला त्याने काउंटरवरचा एक ओला पेला उचलला आणि रुमालाने पुसायला घेतला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्रिनी कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"काचेवर बोटं उमटली तर बोटं तोडीन," ती म्हणाली आणि एक कोरडं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "उभाच आहेस तर पूस. रुमालाने नाक पुसतात."

तेव्हापासून बोनीची जागा ठरली. काउंटरच्या टोकाला आत जायची उचलती फळी होती, तिच्यापाशी. तो धड आतला नव्हता, धड बाहेरचा नव्हता. पेला समोर, फडकं हातात. त्रिनीचा खुबा गेलेला, तिला वाकवत नसे. तो वाकून पिंपाखालचा ट्रे ओढून द्यायचा. त्याबद्दल ती त्याला रोज नवी शिवी द्यायची. सोरियावाल्या, मुडद्या, खांबा. परत येताना तो त्या शिव्या मला पुन्हा म्हणून दाखवायचा. मी तिथेच होतो, ऐकल्या होत्या, तरी.

"कासिल्दा मला 'ओंडक्या' म्हणायची," तो एकदा रस्त्यात थांबून म्हणाला. आणि मग, चालायला लागल्यावर, "आबेलला रविवारी सांगतो म्हणतोय. विकून टाक म्हणून."

मी त्याच दिवशी आबेलला जिन्यात नुसती मान हलवून दाखवली. तो बिचारा चार पायऱ्या एकदम चढला.

त्या शुक्रवारी त्रिनीला हॉस्पिटलमध्ये खुब्याचा फोटो काढायला जायचं होतं. वसंतापासून लावलेला नंबर दुपारीच लागला. ती बोनीला म्हणाली, "ये आत. तासाभरात येते मी. पेले भरायचे, बशा ठेवायच्या. गल्ल्यावर हिनेस बसेल, त्याला उभं राहवत नाही. आणि डोकं चालवू नकोस, बार आपोआप चालतो."

फळी उचलून बोनी आत गेला. ॲप्रन बांधला. माणूस दोन बोटं उंच झाल्यासारखा वाटला. बाटली उघडणं, पेला तिरका धरणं, न बघता मागे हात नेऊन बशी काढणं, सगळं कसं गाण्यासारखं. मी गल्ल्यामागे बसून बघत राहिलो, आणि मला वाटलं की चला, हिवाळ्याचं मिटलं.

त्रिनीकडे पहिल्या पेल्याला ऑलिव्ह आणि पावावर सॉसेजची चकती. दुसऱ्याला लसूण घातलेले बटाटे. आणि तिसऱ्याला मोठ्या भांड्यातलं ते: डुकराच्या गालाचं मांस, सकाळपासून वाइनमध्ये मंद शिजवलेलं, चमच्याने तुटणारं. त्या भांड्यापायी लोक पहिले दोन पेले औषधासारखे घेत. त्या भांड्यावर त्रिनीचा बार उभा होता.

पहिलं गिऱ्हाईक आलं. कोणी रंगारी होता, अनोळखी. बोनीने पेला भरला, भांड्याचं झाकण उघडलं आणि वाटी भरून मांस त्याच्यासमोर ठेवलं.

"बोनी!" मी गल्ल्यामागून म्हणालो. "ते तिसऱ्याचं आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"हा तिसऱ्यापर्यंत राहील कशावरून?"

"नाही राहिला तर नाही राहिला! तीच तर रीत आहे."

बोनी दुसरी वाटी भरत होता. माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाला, "निकासियोला मी त्या दुपारी नुसतं सूप दिलं. कोकरू शिजत होतं. म्हटलं, रात्री येईल तेव्हा वाढू." त्याने वाटीची कड अंगठ्याने पुसली. "रात्री नाही आला."

मी सुटे पैसे लावत बसलो.

आमचे लोक प्रेमळ आहेत, पण खुळे नाहीत. रंगाऱ्याने वाटी पावाने पुसून चकचकीत केली, एका पेल्यावर उठला आणि बाहेर जाऊन गल्लीभर सांगितलं. मग रीघ लागली. जो तो एक पेला घेई, एक वाटी चाटून-पुसून खाई, बोनीला "देव भलं करो" म्हणे आणि पुढच्या बारकडे चालू लागे. बोनी घामाघूम, आणि त्याचा चेहरा असा उजळलेला की मला त्याच्याकडे सरळ बघवेना. "खा," तो प्रत्येकाला म्हणत होता, "गरम आहे तोवर खा."

नेहमीची मंडळी आली तोवर भांड्याचा तळ दिसत होता. एलादियोसाहेब आले, ते निवृत्त नोटरी, आठवड्याचा तो एक दिवस त्या वाटीसाठी जगणारे. पहिला पेला, दुसरा पेला, मग टोपी नीट करून त्यांनी तिसरा मागवला. बोनीने पेल्याशेजारी ऑलिव्हची बशी ठेवली.

"हे काय?"

"संपलं."

"माझं?"

तिसऱ्या पेल्याला ऑलिव्ह देणं म्हणजे आमच्याकडे जुन्या माणसाला दार दाखवणं. पेला तसाच सोडून एलादियोसाहेब समोरच्या बारमध्ये गेले, आणि त्यांच्यामागे एकेक करून बाकीचे.

त्रिनी आली ती काठी टेकत. बार रिकामा. तिने भांड्याचं झाकण उघडलं, पुन्हा ठेवलं. मग दारातून समोर पाहिलं. समोरच्या बारच्या काचेत एलादियोसाहेबांची पाठ दिसत होती.

"सगळ्यांना नाही पुरलं," बोनी म्हणाला. त्याच्या आवाजात अजून मघाचा आनंद होता. "पण जो आला तो जेवून गेला."

मी वाट बघत होतो. आज त्रिनी कुठली शिवी काढेल याचा मी मनात अंदाजही बांधला होता; दोन नव्या असतील असं धरून चाललो होतो.

"आभारी आहे," त्रिनी म्हणाली. "आपल्याला उगाच तसदी झाली."

माझे केस काळे असल्यापासून मी त्या बारमध्ये जातोय. त्रिनीने कोणाचे आभार मानलेले मी ऐकले नव्हते. बोनी ग्रानादाचा नव्हता, पण इतक्या दिवसांत तेवढं ग्रानादा त्याला कळलं होतं. त्याने ॲप्रन सोडला, फळी उचलली आणि बाहेर आला.

शनिवारी मीच त्याला ओढून नेला. रागात बोलली असेल, म्हटलं.

"या, साहेब," त्रिनी म्हणाली. "काय घेणार आपण?" फडकं कुठे दिसत नव्हतं. पेल्याखाली तिने कागदाचा स्वच्छ रुमाल ठेवला. बोनी हात धुवायला मागे गेला, तेव्हा मी काउंटरवर ओणवा झालो.

"त्रिने, म्हातारा माणूस आहे. एका भांड्यापायी एवढं?"

"भांडं काय, उद्या दुसरं चढवीन," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "हिनेस, तो काल माझ्या बारमध्ये मयताचं जेवण वाढून गेला. असं वाढत होता म्हणे, जणू उद्या दार उघडायचंच नाही. त्याच्या गावात नसेल उघडायचं. मला उघडायचंय."

ती चुकत होती असं मला म्हणता आलं नाही. आजही येत नाही.

बोनी परत आला. त्याने पहिला पेला घेतला, ऑलिव्ह खाल्ले. दुसरा घेतला, बटाटे खाल्ले. तिसऱ्याला त्रिनीने चांगल्या बशीत, काटा-चमच्यासकट, भरपूर मांस आणून ठेवलं आणि म्हणाली, "सावकाश होऊ द्या." त्याने सगळं संपवलं. "छान झालंय," म्हणाला. "आपली कृपा," त्रिनी म्हणाली. दोघंही इतक्या सभ्यपणे बोलत होती की मला तिथे उभं राहवेना.

रविवारी आबेलने मला वर कॉफीला बोलावलं होतं. मला बोलावण्याचं कारण उघड होतं, पोरगा दाढी करून बसला होता. कॉफीत साखर घालत बोनी म्हणाला, "ती जागा विकून टाक."

"सापडला बार?" आबेल उभाच राहिला.

"सापडला."

"काका नेतात तोच ना? त्रिनीचा?"

"नाही. बसस्थानकासमोरचा."

बसस्थानकासमोरच्या बारमध्ये आम्ही कधीच गेलो नव्हतो. आमच्या शहरातलं कोणीच जात नाही. मी कॉफी ढवळत राहिलो. माझ्या कॉफीत मी साखर घेत नाही. आबेलने बापाला मिठी मारली, मग मलाही मारली, आणि माझ्या कानात म्हणाला, "काका, तुमचे उपकार फेडायचे कसे?" म्हातारा बर्फात मरणार नव्हता. ठरलं होतं ते काम झालं होतं.

नोव्हेंबरात एकदा भाचीला बसवर सोडून परत येताना मी त्या बारमध्ये डोकावलो. भिंतीभर पदार्थांचे रंगीत फोटो, जमिनीवर बॅगा, सगळ्यांची नजर घड्याळाकडे. बोनी काउंटरच्या मधोमध उभा होता. समोर एक पेला, एक बशी. मी आधी काउंटरवाल्याला गाठलं.

"ते रोज येतात का हो?"

"कोण?" त्याला दाखवावं लागलं. "ते होय. रोज. एक पेला घेतात, समोर येईल ते खातात, जातात. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं साहेब. आहेत की नाहीत तेच कळत नाही."

मी बोनीशेजारी जाऊन उभा राहिलो.

"कसं काय?"

"जमतंय," तो म्हणाला.

तेवढ्यात मालागाची बस लागल्याची घोषणा झाली आणि आणखी माणसं आत घुसली, शेवटची कॉफी घ्यायला. एक बाई मोठी बॅग ओढत आली. बोनी बाजूला सरकला. तिच्यामागून तिचा नवरा आला, बोनी आणखी सरकला. मग लष्करातले दोघे जवान आले, त्यांच्या पाठीवर पिशव्या होत्या. बोनी पेला छातीशी धरून सरकत सरकत दारापर्यंत गेला, आणि सरकायला जागा उरली नाही तेव्हा बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिला.